पाहुण्याची पत्रावळ

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. निजामाच्या अमलात समतेच्या चळवळीतल्या चुलत्यानं ती ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवलेली असत. मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळं असेल, मला साधं बोलताच येत नसे. आईनं पाणी भरायला सांगितलं तरी मी आधी श्रमाच्या प्रतिष्ठेवर चार वाक्यं म्हणायचो. तोवर पाणी आईनं भरलेलं असायचं.

हैदराबाद राज्य मोडून आमचा उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर लवकरच आम्ही वाचनालयातल्या पोरांनी एक सहभोजन ठरवलं. सगळ्या जातीधर्मांचे लोक, एक पंगत. देवळाचं आवार मिळणं शक्यच नव्हतं. कुणाच्या अंगणात घालावं, तर त्या घरची म्हातारी माणसं आडवी आली असती. उरलं बाजाराचं मैदान. ते नगरपालिकेचं. तिला गाव अजून जुन्या सवयीनं ‘बलदिया’च म्हणत होतं आणि तिच्या सफाईच्या अधिकाऱ्याला ‘दरोगासाहेब’.

बलदियाचा नियम असा : मैदानात जेवणावळ घातली, तर दिवस मावळायच्या आत सगळ्या पत्रावळी उचलून नाल्यापलीकडच्या खड्ड्यात टाकायच्या. राहिल्या, तर त्या मंडळींना मैदान पुन्हा मिळणार नाही. नियम मला पटलेला होता. लग्नसराईत उष्ट्या पत्रावळी उडून थेट आडात पडत आणि गावातली कुत्री आठवडाभर मैदान सोडत नसत. पण आमची अडचण वेगळी होती. मैदान गेलं, तर गावात सगळ्यांनी मिळून बसायला दुसरी जागाच नव्हती. आणि ते जावं म्हणून वाट बघणारे बरेच होते.

दरोगासाहेब भला माणूस. सायकल भिंतीला टेकवत म्हणाले, “फिकर करू नको बेटा. संध्याकाळी चार झाडूवाले पाठवतो.”

“नको साहेब. ते चौघंही आमचे पाहुणे आहेत. पंगतीत बसणार आहेत.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “अच्छा. मग उचलणार कोण?”

“जो जेवला तो.”

“लिहून दे.”

मी लिहून दिलं. पानभर झालं. त्यांनी ते न वाचताच घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, “एक ओळ पुरली असती.”

मग मी तेच पत्रकात घातलं. शेवटचं कलम : ‘प्रत्येकाने आपापली पत्रावळ स्वतः उचलावी. खरी समता ती हीच.’ या वाक्यावर मी फार खूश होतो. सोलापूरहून छापून आणलेली पत्रकं घरोघर वाटली, अगदी शाई हाताला लागत असताना.

पंगत दुपारची होती. भाषणांमुळं ती दिवस कलल्यावर बसली. त्यातलं सगळ्यात लांब भाषण कुणाचं होतं, ते सांगायची गरज नाही. पण बसली ती झकास बसली. भात, येसराची आमटी, वांग्याची भाजी, बुंदी. वकिलांचा मुलगा झाडूवाल्यांच्या शेजारी मांडी ठोकून बसला होता. त्याच्यासमोर आमच्या गावचे बँडमास्तर. हे मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. वस्ती गावकुसाबाहेरची, मिशा मात्र जहागीरदाराच्या. गावातलं एकही लग्न त्यांच्या वाजवण्याशिवाय लागलं नव्हतं.

जेवणं उरकली. मी उभा राहिलो आणि कलम वाचून दाखवलं. लोक उठू लागले. हेडमास्तरांनी पत्रावळ ताम्हनासारखी धरली होती. वकिलांच्या मुलानं मेलेल्या उंदरासारखी धरली आणि स्वतःच हसायला लागला. सगळे हसत होते. मला वाटलं, समता आली.

बँडमास्तर बसूनच होते.

माझा मित्र म्हणाला, “मास्तर, पान उचला की. दिवस चाललाय.”

“न्हाय उचलणार.”

“का हो? काही चुकलं का?”

“जेवण लई झ्याक झालं. आमटीत मीठ कमी हुतं, ते असू द्या.” मास्तरांनी मिशीला लागलेली बुंदी बोटानं काढली. “या गावात असं लगीन दाखवा, जिथं म्या वाजवलं न्हाय. आन असं एक दाखवा, जिथं म्या मांडवाभायेर जेवून माझं पान उचललं न्हाय. पान उचलायचं, जागा सारवायची, मगच घरी. आज तुमी पाहुणा म्हणून बोलावलं. कागुद छापून बोलावलं. आन पाहुण्याला पान उचलाय लावता व्हय?”

मी पुढं झालो. “मास्तर, आज सगळेच उचलतायत. वकिलांचे चिरंजीवसुद्धा.”

“त्येंनी आज पयल्यांदा उचललं. त्येंला मजा वाटतीया. मला न्हाय वाटत.”

त्यांच्या वस्तीतले चौघंपाचजण पत्रावळी हातात घेऊन उठले होते. ते परत खाली बसले. पत्रावळीही खाली ठेवल्या. मग झाडूवालेही बसले. लिंबाखाली दरोगासाहेब सायकल धरून उभे होते. त्यांनी पश्चिमेकडं बघितलं.

स्वावलंबनावर माझ्याकडं तेव्हा पाच तयार मुद्दे होते. एकही त्या पत्रावळीजवळ जायला तयार होईना. कणगीतल्या सगळ्या पत्रकांत जेवायला एकत्र बसावं, असं होतं. उठल्यावर काय करावं, हे कुणीच लिहिलं नव्हतं. आमच्याकडं उष्टी काढायची ती आई. मी तोवर जन्मात कुणाचं पान उचललं नव्हतं, स्वतःचंही नाही.

मी वाकलो.

“दोनी हातानं,” मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. “द्रोण मधी घ्या. न्हायतर आमटी जाईल धोतरावर.”

आमटी गेलीच. मास्तर हसले नाहीत, पण मिशी हलली. मी त्यांची पत्रावळ टोपल्यात टाकली आणि शेजारच्याची उचलली. मित्र आले. वकिलांच्या मुलानं झाडूवाल्यांच्या चारही पत्रावळी गोळा केल्या. या वेळी तो हसत नव्हता, द्रोण सांभाळत होता.

रांग मोकळी झाली तसे मास्तर उठले. हात धुतले, पटका नीट केला आणि भरलेल्या टोपल्याची एक कडी धरली.

“अहो मास्तर, राहू द्या.”

“आता का? पाहुणा उठला की. आता म्या गावचा हाय. धरा तिकडून.”

आम्ही दोघांनी टोपलं नाल्यापलीकडं नेलं. झाडूवाले, हेडमास्तर, सगळे टोपली घेऊन मागं. शेवटचं टोपलं खड्ड्यात रितं झालं, तेव्हा खरं तर ऊन कुठंच उरलं नव्हतं. दरोगासाहेब म्हणाले, “अजून मगरिबची अजान झाली नाही. म्हणजे दिवस आहे.” आणि सायकलवर बसून नमाजाला गेले. अजान त्यांनी अर्धी वाट गाठल्यावर झाली.

मैदान राहिलं. पुढच्या वर्षी पत्रकाचं ते कलम मी काढून टाकलं आणि एक ओळ घातली : ‘पत्रावळी यजमान उचलतील.’ यजमान दर वर्षी बदलायचे, असंही ठरलं. त्या वर्षी परवानगीच्या अर्जावर पहिली सही बँडमास्तरांची होती आणि मला त्यांनी पाहुण्यांत बसवलं.

जेवण झालं. मास्तर रांगेत एकेक पान उचलत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या पत्रावळीला हात घातला. मी झटकन उठायला लागलो. ते माझ्यानं बघवेना.

“बसा गप,” मास्तर म्हणाले. “मलाबी त्या दिवशी बसून ऱ्हायाला लई जड गेलतं.”

मी बसलो.