डावीकडचा ब्रेक

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीची समोरची काच पुसत होते. सकाळचे आठ वाजले असतील. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, परवा घरी नेता येईल. घरी आल्यावर त्या पाणी मागायच्या आधी गाडी पाहणार, हे मला माहीत होतं. फोन माझ्या मुलाचा होता. "आई, आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं. अर्धी काच राहिली होती ती पुसली, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग घरात गेले. शेजारची बाई फाटकातून पाहत होती, तिला हे विचित्र वाटलं म्हणे. वाटू दे. अर्धवट पुसलेली काच विमलताईंना चालली नसती... याला आता दीड महिना झाला.

विमलताई माझी नणंद, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर तीन महिन्यांतच त्या माहेरी परत आल्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पन्नास वर्षं आम्ही एका घरात काढली. फार गोडीगुलाबी होती असं नाही. भाजीत तिखट किती यावरून आम्ही आठ-आठ दिवस अबोला धरलेला आहे. पण एक सांगते, ज्या काळात आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, बाई लुना चालवताना दिसली तरी लोक वळून पाहायचे, त्या काळात या बाईने बायकांना चारचाकी शिकवायचा क्लास काढला आणि बावीस वर्षं चालवला. गाडी एकच. गोल पाठीची, स्टीअरिंगलाच गिअरची दांडी असलेली. शिकवणारीसाठी डावीकडेही एक ब्रेक बसवलेला. शिकणारी घाबरली, चुकली, तर विमलताई डावीकडून ब्रेक दाबायच्या. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, मोठ्या घरच्या सुना, किती जणी शिकून गेल्या. घरातली मीच राहिले. कोणी विचारलं की मी स्वयंपाकाचं सांगायची. खरं कारण भीती. एकदा बसले होते, चोविशीत. गाडीने गचका दिला, तशी मी दार उघडं टाकून उतरले आणि पायी घरी आले. विमलताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे त्यांचे गुडघे गेले, क्लास बंद झाला, गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली. तिच्या मागच्या सीटवर दरवर्षी मांजर व्यायची.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की विमलताईंचं हृदय थकलं आहे, ऑपरेशन झेपणार नाही, वर्ष-दोन वर्षं निघतील. दवाखान्यातून ऑटोने येताना त्या बाहेरच पाहत होत्या. मला वाटलं, घाबरल्या. मग म्हणाल्या, "सुमन, गाडी दुरुस्त करू."

"कायले?"

"एक बाई शिकवायची राहिली."

मी म्हटलं, "ताई, त्र्याहत्तर वर्षांची झाली मी. आता शिकून कुठं जाऊ?"

"कुठं जायचं ते तुझं तू पाहजो. मले शिकवून मोकळं होऊ दे."

मरणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हो म्हटलं. मनात म्हटलं, एवढी जुनी गाडी, कशाची होते दुरुस्त.

गाडी पहिल्यांदा जरीपटका वस्तीतल्या एका गॅरेजमध्ये दिली. तिथला माणूस आम्हा दोघींना पाहून म्हणाला, "माताजी, अंकल को भेज दो, उनसे बात कर लेंगे." विमलताई म्हणाल्या, "अंकल नहीं है. जो है, मैं ही हूँ. बोलो." त्याने सहा महिने लावले. गाडी आली तेव्हा मात्र रंग असा चकाकत होता की लेआउटमधली माणसं जमली. विमलताईंनी रंगाकडे पाहिलं नाही. त्यांनी डावीकडचं दार उघडून खाली पाहिलं... आणि ओट्यावर बसल्या. त्यांचा ब्रेक तिथे नव्हता. फोन केला तर तो माणूस म्हणतो, "वो एक्स्ट्रा था माताजी, कबाड़ में दे दिया." ज्या ब्रेकवर बावीस वर्षं पाय ठेवून या बाईने पोट भरलं, तो एक्स्ट्रा!

दुसरी गोष्ट मी शोधली. मी रोज पाइप लावून गाडी धुवायची. पंधरा दिवसांनी डावं दार लावताना आतून हंडा हलवल्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, "ताई, या दारात पाणी आहे." दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. त्या शहाण्याने रंग सुबक दिसावा म्हणून ती पुट्टीने बुजवली होती. मी चौथी शिकलेली बाई, पण कुंडीला खाली भोक ठेवायचं असतं एवढं मला कळतं. विमलताईंनी स्क्रू ड्रायव्हरने एकेक भोक मोकळं केलं आणि दाराने तांब्याभर गंजाचं पाणी ओकलं.

मग महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीतलं दुसरं गॅरेज. तिथे नवा ब्रेक घडवून बसवला. पण तारांचा असा गुंता केला की गाडी डावीकडे वळली की भोंगा वाजायचा. गाडी घरी आणायला आम्ही दोघीच. विमलताई चालवत होत्या, मी मागे. महालातल्या त्या गल्ल्या, दर दहा पावलांवर वळण. वळलो की भोंगा. पुढचा स्कूटरवाला तीनदा थांबून मागे पाहून गेला. चौथ्यांदा उतरलाच. "काय गा आजी, घाई आहे का?" विमलताई म्हणाल्या, "मले नाही, गाडीले आहे. जा तू समोर." मी मागे पदर तोंडाला लावून हसत होते. त्यांनी आरशातून पाहिलं आणि म्हणाल्या, "हास. उद्या तुझ्याच हातात आहे हे."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराबाहेर बुटीबोरीकडे गेलो. तिकडे प्लॉट पडलेले आहेत, डांबरी रस्ते झाले आहेत, घरं मात्र अजून नाहीत. तिथे विमलताई डावीकडे सरकल्या आणि मला उजवीकडे बसवलं. माझा एक हात दाराच्या कडीवरच होता. त्या म्हणाल्या, "मी आहे इथं. माझा पाय ब्रेकवर आहे. तू फक्त समोर पाह्य." गाडी हलली. पन्नास पावलं गेली असेल. समोर मुरमाचा ढीग आला आणि मला काही सुचेना. विमलताईंनी ब्रेक दाबला. कडाक् आवाज झाला आणि पेडल जमिनीला चिकटलं. वेल्डिंग तुटलं होतं. गाडी मुरमात घुसली, एक दिवा फुटला. लागलं कोणालाच नाही, पण मी उतरले आणि सांगून टाकलं, "तुमचा ब्रेक पक्का झाल्याशिवाय मी यात बसणार नाही. मेले तरी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

तिसरे मिस्त्री दादाराव. आमच्या घरापासून दोन चौकांवर त्यांचं छोटं गॅरेज आहे. हळू काम करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी गाडीखाली शिरून पाहिलं आणि बाहेर येऊन डोक्याला हात लावला. पहिल्या गॅरेजवाल्याने डावीकडचा सडलेला पत्रा कापलाच नव्हता. त्यावर नवं टिन ठोकून पुट्टी थापली होती. त्यात दारातलं पाणी झिरपत राहिलं. अशा पत्र्यावर ब्रेकचं वेल्डिंग टिकणार कसं? "उजवीकडे सगळं चांगलं आहे," दादाराव म्हणाले, "पण डावा भाग पूर्ण कापून नवा करावा लागते. चार महिने द्या." विमलताईंनी बोटांवर महिने मोजले. त्याच आठवड्यात त्यांना धाप लागली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. दिवाळीच्या तोंडावर घरी आल्या तेव्हा पायांवर सूज होती आणि शेडपर्यंत जाताना दोनदा टेकत होत्या. त्यांनी दादारावांना घरी बोलावलं. मी चहा टाकायला आत गेले होते, काय बोलणं झालं मला माहीत नाही. आठ दिवसांत गाडी परत आली. विमलताईंनी डावीकडे बसून मला ब्रेक दाबून दाखवला. पेडल खाली गेलं, वर आलं. "झालं तुझं समाधान? बस आता."

त्यानंतर थंडीचे चार महिने आम्ही आठवड्यातून तीन-चारदा त्या रिकाम्या प्लॉटांवर गेलो. तिथपर्यंत माझा मुलगा गाडी न्यायचा आणि बाभळीखाली पेपर वाचत बसायचा. विमलताईंना शाल, मला घाम. शिकवताना त्या ओरडत नसत, टोचून बोलत. "गिअर आहे तो, खलबत्ता नाही." "आरशात केस पाहून राहिली का रस्ता?" मी पण ऐकून घ्यायची नाही. "एवढं आहे तर तुम्हीच चालवा." "मले येते वं. तुले येत नाही, म्हणून तर बसली मी इथं." त्यांचा उजवा हात सारखा मधल्या हँडब्रेकच्या दांडीवर असायचा. मला वाटायचं, हाताला आधार हवा असेल. एकदा वळणावर अचानक म्हशी आडव्या आल्या, आठ-दहा. विमलताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ब्रेक, सुमन." मी दाबला. गाडी पहिल्या म्हशीच्या शेपटीपाशी उभी राहिली. म्हशी गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही काहून नाही दाबला?" म्हणाल्या, "तू दाबला ना. दोघींनी दाबून काय होते?" शिवरात्रीच्या सुमाराला मी त्या सगळ्या रस्त्यांवर एकही गचका न देता चक्कर मारली. त्यांनी शाबासकी दिली नाही. डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, त्रास होऊन राहिला. विचारलं तर म्हणाल्या, "नाही वं. झोप लागली होती." शिकणारीच्या शेजारी विमलताईंना झोप लागल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

मागच्या आठवड्यात दादाराव ऑइल बदलायला गाडी घेऊन गेले. संध्याकाळी मी गॅरेजवर गेले. सहज म्हटलं, "ताईंचा ब्रेकही एकदा पाहून घ्या, आवाज करत होता."

दादाराव हात पुसायचे थांबले. "काकू, तुम्हाले ताईंनी सांगितलं नाही का?"

"काय?"

"तो जोडलाच नाही. पत्रा नवा केल्याशिवाय जोडता येत नव्हता. ताई म्हणाल्या, चार महिने नाहीत माझ्यापाशी. नुसती स्प्रिंग लाव, दाबला की वर आला पाहिजे. मी नाहीच म्हणत होतो. त्या म्हणाल्या, हँडब्रेक कडक करून दे, बाकी मी पाहून घेईन."

मला राग आला. आताही आहे. समोर म्हशींच्या जागी लेकरू असतं तर? त्या जिवंत असत्या तर मी आठ दिवस नाही, महिनाभर बोलले नसते. दुसऱ्या कोणा मास्तरणीने असं केलेलं कळलं असतं तर विमलताईंनीच तिला क्लास बंद करायला लावला असता. दादारावांनाही मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला काकू, घरी सोडून देतो." माझ्याकडे अजून कच्चं लायसन आहे. शेजारी लायसनवालं माणूस बसल्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही, आणि त्या दिवशी माझे हात चालवण्यासारखे नव्हते.

मी डावीकडचं दार उघडून त्यांच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत त्या सीटवर मी कधी बसले नव्हते. नेहमी मागे, नाहीतर उजवीकडे. तिथून सगळं वेगळंच दिसतं. रस्त्याची कड, नाली, उभ्या सायकली, सगळं आपल्या मांडीला घासून जातं असं वाटतं. चालवणाऱ्याचं काय चाललं आहे ते कळत नाही आणि हातात काही नसतं. दादाराव चाळीस वर्षं गाड्या चालवतात. सावकाश चालवतात. तरी पहिल्या चौकात ऑटो आडवा आला आणि माझा पाय आपोआप पेडलवर गेला. पेडल खाली गेलं, वर आलं, गाडीला काही कळलं नाही. पुढे फळांची गाडी आली, पुन्हा पाय गेला. मग कुत्रं. मग शाळेतून सुटलेल्या मुली... दोन चौकांचा तर रस्ता. माझा पाय त्या ब्रेकवरून निघेना.

"काकू," दादाराव म्हणाले, "भीती वाटून राहिली का?"

मी म्हटलं, "तुम्ही चालवा."