नैरोबीचा एक तास

फोनवर पलीकडचा माणूस बोलता बोलता थांबला की काका टेबलावर तळहात पालथा ठेवायचे. म्हणजे आपण गप्प बसायचं. "थांबा जरा. तो विचार करतोय." तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेल, तर त्या शांततेची सवय व्हायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत असेल.

काका नात्याने कोणी नव्हते; शिकागोतल्या आमच्या ऑफिसात ते मॅनेजर होते आणि मी कॉलेज करता करता तिथे इंटर्न. माझे बाबा डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे इथल्या देशी बाजारात, मिठाईच्या दुकानात काउंटरवर असतात; घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चारचौघांत मी काकांना सर म्हणायचे. लिफ्टमध्ये दोघंच असलो की काका.

सॉफ्टवेअर तपासायचं काम बाहेर कुठे द्यावं, यावर मला रिपोर्ट लिहायचा होता. मी केनिया सुचवलं. नैरोबीत इंग्रजी चांगलं, इंटरनेट चांगलं, शिकलेली तरुण मुलं भरपूर. शिवाय आपली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ, त्यामुळे कोणाला जागरण नाही. काकांनी या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

"हे कुठून सुचलं तुला?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, पुण्यात असताना रात्रभर कॉल घ्यायचात ते."

"मग हे सगळ्यात वर घे."

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी आठला नैरोबीच्या टीमबरोबर चाचणीचा कॉल ठरला. त्यांना वेळ मीच कळवली होती. आठ वाजले. आमचे डायरेक्टर येऊन बसले. पलीकडे कोणीच नाही. दहा मिनिटं गेली.

"वाटलंच होतं," डायरेक्टर म्हणाले. "यांचा भरवसा नाही. कॅन्सल करू."

मी माझी मेल उघडली आणि वेळ पुन्हा मोजली. आदल्याच दिवशी अमेरिकेतली घड्याळं दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली होती. केनियात ती बदलतच नाहीत. मी जुन्या फरकाने त्यांना संध्याकाळचे पाच कळवले होते, आणि तिथे आता कुठे चार वाजले होते. बोलले तर माझी नोकरी जाईल, नाही बोलले तर त्यांचं काम. मी काकांकडे पाहिलं. ते कागदात डोकं घालून बसले होते.

"सर, चूक माझी आहे," मी डायरेक्टरांना कसंबसं म्हणाले आणि मेल दाखवली. "ते नऊला येतील."

डायरेक्टरांनी ती वाचली. "ठीक आहे, नऊला भेटू," म्हणून ते उठले.

नऊला दोन मिनिटं असताना स्क्रीनवर सहा चेहरे आले. वांजिरू नावाची त्यांची टीम लीडर होती. तिने आमच्या सॉफ्टवेअरमधले असे तीन दोष दाखवले, जे आम्हाला कधी दिसलेच नव्हते. दहाच्या आत काम त्यांना मिळालं. मला कोणी काही बोललं नाही. मी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुपारी लिफ्टमध्ये काका म्हणाले, "मला आठलाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललोच असतो अजून पाच मिनिटांनी. आधी तू बोलतेस का बघत होतो." मग म्हणाले, "मी इथे नवीन असताना अगदी हीच चूक केली होती. आणि गप्प बसलो. पुण्याच्या टीमचं काम गेलं गं. माझेच मित्र होते सगळे."

लिफ्टचं दार उघडलं तरी ते तसेच उभे होते.

या वर्षी काका रिटायर होऊन कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला मुलीकडे गेले. मी त्याच ऑफिसात आता पक्क्या नोकरीवर आहे. परवा सकाळी आठच्या कॉलवर वांजिरूने विचारलं, "काका काय करतात हल्ली?" काका हा शब्द तिने माझ्याकडूनच उचललाय.

"तिथे आत्ता सहा वाजलेत," मी म्हणाले. "झोपले असतील."

"झोपू दे त्यांना," ती म्हणाली, आणि आम्ही कामाला लागलो.