ख्वाईच्या झाडाखाली ठेवलेला घास

गेले चार महिने आमच्या फ्रीजवर चुंबकाने एक फॉर्म लावलेला होता. आमची लेक अन्वी, वय सतरा, हिला दक्षिण आफ्रिकेतल्या एका कॉलेजात वन्यजीवशास्त्र शिकायचंय. फॉर्मखाली दोन पालकांच्या सह्या हव्या होत्या. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बायकोने, मृणालने, पहिल्याच दिवशी करून टाकली. दुसरी रेघ कोरी होती. ती माझी.

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. इथे बहरीनमध्ये मला त्याचाच पगार मिळतो. मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी सेफ्टी ऑफिसर आहे. कुठली साखळी तुटेल, कोणाच्या पायावर काय पडेल, याचाच दिवसभर विचार करायचा आणि माणसांकडून कागदावर सह्या घ्यायच्या. अन्वीला मात्र भीती कशाशी खातात ते माहीत नाही, आणि मला रात्ररात्र छळायचं ते हेच. जिला भीतीच वाटत नाही ती पोरगी सिंहांच्या देशात चार वर्षं कशी राहणार?

शेवटी तह झाला. तिघांनी आधी एकदा जाऊन यायचं, मग मी सहीचं ठरवायचं. शेजारच्या बोट्स्वानातली आठ रात्रींची छोट्या ग्रुपची कॅम्पिंग सफारी बुक केली. मृणालची लीव्ह ऐन वेळी नाकारली गेली, म्हणून आम्ही दोघंच.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी आत्ताच लिहून ठेवतो, पुढे मला सुचणार नाहीत. भारतीय पासपोर्टला बोट्स्वानाचा व्हिसा लागतो. निघायच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करा. अठराखालचं मूल एकाच पालकाबरोबर असेल तर जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. आमच्याकडे जोहान्सबर्गला आणि बोट्स्वानात, दोन्ही ठिकाणी मागितलं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. विमान सोडून माणशी साधारण हजार दिनार पडले, त्यात जेवण, तंबू, गाइड सगळं आलं. आणि जुलैमध्ये तिथे कडाक्याची थंडी असते. लोकरी टोप्या घ्यायला मी बाब अल बहरीनच्या बाजारातल्या गल्लीत गेलो तेव्हा बाहेर पंचेचाळीस अंश होते. दुकानदाराने मला नीट न्याहाळून विचारलं, "भाईसाब, तबियत तो ठीक है ना?"

निघायच्या दिवशी शेजारच्या शबानाभाभी निरोप द्यायला आल्या. त्या रत्नागिरीच्या. बुदैया भागातलं आमचं घरांचं कंपाउंड त्यांच्याच दराऱ्यावर चालतं. "भावजी, पैसे भरून वाघाच्या तोंडात जाताय होय?" त्या म्हणाल्या.

"भाभी, तिथे वाघ नसतात. सिंह असतात."

"मग खलास. यल्ला, चला, जाऊन या. मृणालला आणि बंट्याला मी बघते."

बंट्या हे कंपाउंडमधलं पिवळं मांजर, आणि तो या गोष्टीत महत्त्वाचा आहे. मृणालच्या माहेरी साताऱ्याला जेवणाआधी गाईचा घास काढायची पद्धत. ती पद्धत लग्नानंतर आमच्याकडे आली आणि आमच्याबरोबर बहरीनला आली. इथे गाय कुठली? मग घास बंट्याला. वीस वर्षांत एक दिवस चुकला नाही, फक्त बंट्याच्या आधी दुसरी मांजरं होती. विमानतळावर मृणालने मला एवढंच सांगितलं, "अहो, घास विसरू नका. परमुलखात चालला आहात."

दोहा, जोहान्सबर्ग असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी माऊन या छोट्या गावी उतरलो. गाइड घ्यायला आला होता. कागिसो, चाळिशीचा, हळू बोलणारा. स्वयंपाकाला निओ नावाच्या पन्नाशीच्या बाई. ग्रुपमध्ये आम्ही दोघं आणि एक निवृत्त जर्मन जोडपं. गाडी उघडी, बाजूला नुसत्या ताडपत्र्या. तासाभराने डांबरी रस्ता संपला आणि वाळू सुरू झाली. पुढचे साडेतीन तास मी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसलो होतो. बाजूला झेब्रे दिसले, जिराफ दिसले. मी दांड्याकडेच बघत होतो.

मोरेमीच्या जंगलात पहिला मुक्काम. कुंपण नाही, भिंत नाही. पाच तंबू, एक शेकोटी, झाडाला टांगलेली अंघोळीची बादली. कागिसोने नियम सांगितले. अंधारात एकट्याने तंबूबाहेर यायचं नाही. सकाळी त्याने हाक मारल्याशिवाय चेन उघडायची नाही. पळायचं नाही, कधीच नाही. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही आणि ताटात उरलेला कण न् कण निओबाईंच्या झाकणाच्या लोखंडी पेटीत गेला पाहिजे.

मी वहीत लिहून घेतलं. अन्वी हसली. "बाबा, धिस इज नॉट युअर वर्कशॉप." तिला वेगळा तंबू हवा होता. माझ्यापासून दहा पावलांवर, मध्ये एक झाड. मी ती पावलं तीनदा मोजली.

जेवायला बसलो आणि लांबून सिंहाचा आवाज आला. तो आवाज कानांपेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. जर्मन काकूंचे डोळे चमकले, अन्वीने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, आणि माझा पहिलाच चमचा भातात तसाच उभा राहिला. तेव्हा मला मृणाल आठवली. मी पेपर नॅपकिनचा तुकडा फाडला, त्यावर मूठभर भात आणि राजमा काढला, आणि तंबूत जाताना झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

नियम मोडतोय असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही, यावर विश्वास ठेवा. कागिसो उरलेल्याबद्दल बोलला होता. उरलेलं म्हणजे उष्टं. गाईचा घास उष्टा नसतो, तो आपण तोंडात घास घालायच्या आधी काढायचा असतो. माझ्या डोक्यात या दोन वस्तू इतक्या वेगळ्या होत्या की त्यांचा एकमेकींशी संबंधच लागला नाही. सकाळी नॅपकिन रिकामा होता. कुणातरी पाखराच्या मुखी लागला, असं समजून मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पहिल्यांदा दांडा एका हाताने धरला.

तिसऱ्या दिवशी ख्वाई नदीकाठी आलो. ख्वाई फार सुंदर आहे. उथळ पाणी, पलीकडे हत्तींची रांग, संध्याकाळी सगळीकडे धुळीचा सोनेरी रंग. पाच रात्री इथेच. तंबू लावले, योगायोगाने आमच्या दोन तंबूंमध्ये परत एक झाड आलं. मी त्याही झाडाखाली घास ठेवला. एक दिवस, दोन दिवस. दोन्ही सकाळी तो साफ झालेला होता.

त्यानंतरची पहाट. सहा वाजत आले होते, जेमतेम दिसत होतं. कागिसोने शेकोटीजवळून "गुड मॉर्निंग" अशी हाक दिली. अन्वीच्या तंबूची चेन वाजली. मी कूस वळवून जाळीच्या खिडकीतून बाहेर बघितलं, तर झाडाखाली तरस.

ठिपक्यांचं, खांद्यात उंच, मागे उतरतं. मान खाली घालून ते माझा भात खात होतं. आणि अन्वी हातात टूथब्रश घेऊन तंबूबाहेर आलेली होती.

मला ओरडायचं होतं. आवाज निघाला नाही. कितीतरी वर्षं मी शेकडो माणसांना संकटात काय करायचं ते शिकवतो, आणि माझी पोर आठ पावलांवर असताना मी स्लीपिंग बॅगेत नुसता पडून होतो. तरसाने मान वर केली. मला त्याच्या चावण्याचा आवाज ऐकू येत होता. अन्वी थांबली, मग तोंड त्याच्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे सरकली आणि साध्या आवाजात म्हणाली, "कागिसो. हायना. माय लेफ्ट."

कागिसो फावडं आपटत, ओरडत धावून आला. तरसाने शेवटचा घास उचलला आणि ते झुडपात गेलं. घाईत नाही, आरामात.

मग कागिसो झाडाखाली वाकला. नॅपकिनचा चावलेला तुकडा त्याने उचलला, दोन शितं बोटावर घेतली. "हे कोणी ठेवलं?"

त्याने निओबाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यांचा चेहरा पडला. त्या जाऊन ती लोखंडी पेटी घेऊन आल्या, आणि झाकण घट्ट बसतं की नाही हे आम्हाला पुन्हा पुन्हा उघडून दाखवू लागल्या. अन्वी त्या नॅपकिनकडे बघत होती. जन्मल्यापासून रोज दोन वेळा तिने तो घास बघितलाय. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. वर्कशॉपमध्ये मी पोरांना घसा फोडून सांगतो, चूक झाली तर पहिल्या मिनिटाला सांगा. मला निओबाईंनी पेटी चौथ्यांदा उघडेपर्यंत वेळ लागला.

"मी," मी म्हणालो. गाय, मृणाल, मांजर, उष्टं, सगळं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. ते फार केविलवाणं झालं.

कागिसो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ती मादी आहे. पलीकडच्या बिळात तिची दोन पिल्लं आहेत. मी तिला दोन वर्षं ओळखतो. माणूस दिसला की ती पळायची. आज पळाली नाही. आज भात मिळाला, उद्या ती तंबूत तोंड घालेल, परवा कोणाला तरी चावेल. मग वन्यजीव खात्याचे लोक बंदूक घेऊन येतील. त्यांचंही चुकत नाही."

"आता काय करायचं?"

"तिला परत घाबरायला शिकवायचं. आपल्या हातात दोन दिवस आहेत."

त्या दिवशीच्या गाडीफेरीत बिबट्या दिसला. झाडावर, पाय लोंबत सोडून, अगदी जवळ. अन्वीने माझ्याकडे वळून दाखवलाही नाही. दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी सूर्य टेकला तशी ती मादी आली. कागिसोने माझ्या हातात एक पातेलं आणि पळी दिली. "पुढे तू उभा राहा. त्या भाताला वास तुझ्या हाताचा होता. त्याच हाताने तिला घालवलं पाहिजे." तो माझ्या डाव्या खांद्याशी होता, गाडी मागे चालू होती. वीस पावलांवर ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. बंट्या आठ वाजता आमच्या दाराकडे बघतो, तशी ती बघत होती.

मला रडूच फुटलं. मी पातेलं बडवलं, जिवाच्या आकांताने ओरडलो, तेही मराठीत. "जा! जा इथून! परत येऊ नकोस!" माझ्या उजव्या बाजूला आणखी एक ताट वाजायला लागलं. अन्वी होती. ती मादी दचकली, दोन पावलं मागे गेली, आणि मग वळून पळाली.

दुसऱ्या पहाटे ती आली, पण लांब थांबली. पहिल्या ठोक्याला गेली. संध्याकाळी झुडपात नुसते डोळे दिसले. निघायच्या सकाळी ती आलीच नाही. आपण तिथे नसू तेव्हा ती येईल का, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. कागिसो म्हणाला, कळवीन.

ख्वाईहून सावुतीमार्गे, जिथे सफारी संपते त्या कसाने गावापर्यंतचा रस्ता हाडं खिळखिळी करणारा आहे. पाठीचा त्रास असेल तर पट्टा न्या. तिथेच वाळूत हेलकावे खात असताना अन्वी तीन दिवसांनी माझ्याशी मनापासून बोलली.

"बाबा, त्या दिवशी आय वॉज सो स्केअर्ड. टूथब्रश पडला नाही, कारण माझा हात उघडतच नव्हता."

"तुला भीती वाटली?"

"ऑफ कोर्स! मला रोज रात्री वाटते. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. चार महिने मी एका निर्भय मुलीला अडवून धरलं होतं, आणि तशी मुलगी आमच्या घरात नव्हतीच. मी दांडा सोडून तिचा हात धरला. तिने धरू दिला.

परत आल्यावर मृणालला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चूक माझीपण आहे." घास ती अजून काढते, पण तिने शबानाभाभींना विचारून बंट्यासाठी एक वाडगा ठरवलाय, आणि तो आम्ही लगेच आत आणून धुतो. मी ऑफिसात सेफ्टीचं भाषण आता या गोष्टीने सुरू करतो. पोरं हसतात, मग सह्या करतात.

फॉर्म फ्रीजवरच होता. अन्वीने एकदाही त्याचा विषय काढला नाही. मी रोज दूध काढताना त्याच्याकडे बघायचो आणि रोज मला तो चावण्याचा आवाज ऐकू यायचा.

तीन आठवड्यांनी कागिसोचा मेसेज आला. अन्वीने स्वयंपाकघरात उभं राहून वाचला. त्यानंतर त्या जागी तीन ग्रुप राहून गेले. ती मादी तंबूंकडे फिरकली नाही. परवा नदीपलीकडे दिसली, दोन्ही पिल्लं बिळाबाहेर होती. गाडीचा आवाज ऐकला आणि तिघंही पळाली.

"पळाली," अन्वी मराठीत म्हणाली आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

मी फॉर्म काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या रेघेवर सही केली. सही इतकी वाकडी आली की मृणाल म्हणाली, ही तुमची सही आहे असं कोणी म्हणणार नाही, खोडून परत करा. अन्वीने तो कागद दोघांच्या हातून ओढून घेतला आणि छातीशी धरून ठेवला.