मोगऱ्याला दिलेला ताण

येरमाळ्यात पाण्याच्या बाबतीत धुरपदाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून नवऱ्याच्या लिंबाच्या बागेत त्यांनी दारं धरली, पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवलं. नवरा गेला, बाग वाटेकऱ्याकडे गेली, पण बाईंचा तोरा काही गेला नाही. त्यामुळे माडीवरची भाडेकरू शिवांजली, शाळेतली शिक्षिका, सुट्टीत लेकरांना घेऊन कोकणात निघाली आणि जिना उतरता उतरता पुन्हा सांगू लागली, तेव्हा त्या फणकारल्याच.

"मावशी, मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घाला बरं का. आईच्या हातचं तेवढंच राहिलंय."

"आता पाण्याचं तू मला शिकवती व्हय? जा बिनघोर."

आई गेल्या वर्षी वारली होती. तिच्या लोहारा गावच्या अंगणातली फांदी शिवांजलीनं कुंडीत जगवली होती. पानं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. "लई लाडावलंय," धुरपदाबाई गच्चीवर जाऊन म्हणाल्या. बागेला बहर हवा असला की आधी पाणी तोडायचं. झाडाला ताण बसला, की पुढच्या पाण्यासरशी ते फुलतं. पोरीला आल्या आल्या आईचा मोगरा फुललेला दिसावा, म्हणून बाईंनी मायेनं पाणी तोडलं.

घोटाळा झाला तो इथंच. शेतातल्या झाडाची मुळं ओल शोधत खाली जातात. कुंडीच्या खाली वैशाखात तापलेली गच्ची होती. थोड्याच दिवसांत पानं पापडासारखी वाजू लागली आणि बाईंचं धाबं दणाणलं. कुंडी खाली आणून माठाशेजारी ठेवली, भिजवली, फांदी नखानं खरवडून पाहिली. आत सगळं कोरडं. तेवढ्यात शिवांजलीचा फोन आला, "मोगरा कसाय?" "बरा हाय," त्या म्हणाल्या.

शिवांजली परतली, तर बाई दारातच उभ्या.

"म्या मारला तुझ्या आईचा मोगरा," त्या म्हणाल्या आणि ताणाचं सगळं सांगून टाकलं.

शिवांजली पायरीवरच बसली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं, असं बाईंना झालं.

"आईची किडनी गेली होती, मावशी. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटी शेवटी घोटभर मागायची, अन् मी तांब्या लपवायचे. म्हणून ह्याला भरभरून घालत होते." तिनं डोळे पुसले. "तुम्ही तरी भल्यासाठीच पाणी तोडलं."

धुरपदाबाईंनी तिचं डोकं कुशीत ओढून घेतलं.

"अन् तू गं, पोरी? तू कशासाठी तोडलं व्हतंस?"