चार मुलखांचा एक दोर

सागाचा लठ्ठा माणसाच्या ताकदीनं चढत नाही, हाकेनं चढतो. हे मी तीस वर्षं सांगत आलो आणि आजही सांगतो. मध्ये काय झालं ते पुढे येईलच, पण ह्या वाक्यातला काना-मात्रा मी बदलणार नाही. चौथीत दोनदा नापास झालेल्या माणसाला काना-मात्रा तशीही बदलता येत नाही.

हाक म्हणजे काय ते आधी ऐका. आमच्या लाकूड डेपोत ट्रकच्या एका बाजूला दोन बल्ल्या, म्हणजे जाड वासे, तिरप्या टेकवतात आणि त्यांच्या पायथ्याशी लठ्ठा आणतात. लठ्ठ्याच्या दोन टोकांखालून दोन दोर घालायचे आणि ट्रकवरून पलीकडे टाकायचे. ओढणारे उभे पलीकडे. म्हणजे ज्यांनी ओढायचं त्यांना लठ्ठा दिसतच नाही. तो दिसतो फक्त मुकादमाला, कारण मुकादम उभा असतो केबिनच्या टपावर, खांद्यावर लाल गमछा टाकून. तो मुकादम मी. माझी हाक अशी : "उठ रे गड्याऽऽऽ..." इथे सगळ्यांनी दम घ्यायचा. "...हुम्!" इथे ओढायचं. लठ्ठा हातभर चढला की खालचे दोघं त्याच्यामागे पाचर सारतात, म्हणजे तो परत गडगडत नाही. मग पुन्हा "उठ रे गड्या". माझी टोळी आरमोरीकडची, सगळे एकाच गावचे, पावसाळ्यात धान लावणारे आणि उन्हाळ्यात लठ्ठे ओढणारे. आम्ही इतके एकजीव होतो की मी टपावर नुसता खोकलो तरी लठ्ठा बोटभर चढायचा.

मागच्या उन्हाळ्यात चार टोळ्यांची एक टोळी झाली.

डेपोवर नवीन मॅडम आल्या होत्या, साताऱ्याकडच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी आम्हाला आवारातल्या मोहाच्या झाडाखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "काका, वेगवेगळ्या भागातली माणसं एकत्र आली की काम चांगलं होतं. एकमेकांकडून शिकायला मिळतं."

मी म्हटलं, "हव ना मॅडम. शिकवीन मी सगळ्याइले."

समोर पाहिलं तर सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे दहा जण, पुढे त्यांचा अण्णा, मिशा अशा की त्यांवर पाखरू बसावं. चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतीतले आठ जण, नदीत मासे धरणारे, त्यांचा दादा काडीसारखा बारीक. आणि धानोऱ्याच्या जंगलातल्या गावाकडून आलेले बारा जण, त्यातल्या आठ बाया. मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या. त्यांची पुढारीण बुटकी, कपाळावर गोंदण, बोलायला कमी आणि हसायला जास्त. तिला सगळे बाई म्हणत.

"बाया लठ्ठा ओढतीन?" मी विचारलं.

"आमच्या गावाले येऊन पाहा जी," बाई म्हणाली. "माणसं सावलीत बसून सांगतेत अन् बायाच ओढतेत. इथी काय येगळं हाय?"

माझ्या टोळीतलेच दोघं खिदळले. मी डोळे वटारले.

पहिल्या दिवशी बारका लठ्ठा घेतला. पोरासोरांनी ढकलावा असा. मी टपावर चढलो, गमछा झटकला, घसा साफ केला. "उठ रे गड्याऽऽऽ..."

"उठ" म्हणताक्षणी उजव्या दोरावरच्या अण्णाच्या माणसांनी हिसका दिला. त्यांच्या मुलखात "हैलेस्सा" म्हणतात आणि पहिल्याच "है"ला ओढतात. उजवं टोक सटकन वर गेलं. "हुम्"ला माझी माणसं ओढायला गेली तेव्हा अण्णाचे लोक दम खात होते, म्हणून डावं वर आलं आणि उजवं खाली गेलं. बंगाली तर कशालाच थांबत नव्हते. ते आपले सारखे हळूहळू ओढतच, ना हिसका ना दम, म्हशीनं रवंथ करावं तसे. आणि धानोऱ्याच्या बाया हाक संपल्यावर, सगळे थांबले की, तिसऱ्याच क्षणाला ओढत. लठ्ठा बल्ल्यांवर पाळण्यासारखा झुलू लागला. हे टोक वर, ते टोक खाली. मग आडवा होऊन असा धाडकन परत आला की ट्रक हलला, आणि आत जेवत बसलेला ड्रायव्हर डबा हातात धरून दुसऱ्या दारातून बाहेर उडाला. भाजी केबिनमध्येच राहिली, त्याच्या सीटवर.

"मुकादम," अण्णा म्हणाला, "आपका हाक उलटा है. जोर पहले, दम बाद में."

"माही हाक तीस साल से सीधी हाय!"

बंगाली दादा हळूच म्हणाला, "दादा, बीच में छोड़ते काऊन? जाल खिंचते टाइम छोड़ा तो मच्छी गेली."

"इथी मच्छी नाई, साग हाय!"

 बाई पदर तोंडात धरून हसत होती.

तीन दिवस असंच चाललं. पाचर सारणाऱ्यांनी तर सांगून टाकलं, आमी बोटं घरी ठेवून येतो. चौथ्या दिवशी मॅडम आल्या. कोपऱ्यात एक म्हातारा लठ्ठा पडला होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा, लिलावात गेलेला. शनिवारी त्याचा ट्रक येणार होता. मॅडम म्हणाल्या, "काका, जमत नसेल तर मी चंद्रपूरहून क्रेन मागवते. यात कमीपणा काही नाही."

कमीपणा काही नाही! असं कोणी म्हटलं की समजावं, कमीपणा आलाच. मी खांद्यावरचा गमछा काढला, हात वर केला आणि चाळीस जणांसमोर बोलून बसलो, "शनिवारी हा लठ्ठा माह्या हाकेवर चढन. नाई चढला, तं हा गमछा खाली ठेवीन अन् पुन्हा टपावर पाय ठेवणार नाई!"

 मला बोलून झाल्यावरच ऐकू आलं मी काय बोललो ते.

घरी बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ऐकलं आणि भाकर थापता थापता विचारलं, "म्हंजे तुमी एकटेच बराबर, अन् बाकीचे सगळे चुकीचे?"

"हव."

"मंग बराबर हाय. घरातबी असंच हाय."

शनिवारला दोन दिवस होते. मी ठरवलं, सगळ्यांना माझी हाक शिकवायची. दुपारची भाकर खाऊन झाली की सगळ्यांना रांगेत उभं करायचं, हातात नुसता दोर द्यायचा, दोराच्या टोकाला काहीच नाही. आणि मी मोहाच्या पारावर उभा राहून "उठ रे गड्याऽऽऽ... हुम्!" चाळीस माणसं रिकामा दोर ओढताहेत आणि गंभीर तोंडानं "हुम्" म्हणताहेत. तेवढ्यात मॅडमची गाडी फाटकातून आत आली. त्यांनी काच खाली केली, थोडा वेळ पाहिलं, काच वर केली, आणि गाडी आली तशी मागे गेली.

तोंडं शिकली हो. अण्णा तर माझ्यापेक्षा चांगलं "उठ रे गड्या" म्हणायचा. पण तोंडात माझी हाक आणि अंगात त्याची. हात जिथे ओढायचे तिथेच ओढत.

शनिवारी सकाळी मोठा लठ्ठा बल्ल्यांच्या पायथ्याशी आणला. मी हाक दिली. टोक वर, टोक खाली, धाडकन परत. पुन्हा दिली. पुन्हा तेच. पाच वेळा झालं. घसा बसला. उन्हानं टप तापला होता, पायाचे तळवे भाजत होते, पण खाली उतरलो असतो तर ते शेवटचं उतरणं झालं असतं.

अण्णा खालून ओरडला, "मुकादम, एक बार तुम खिंचो. मैं हाक देतो. देखो तो सही!"

"मी काऊन ओढू?"

"डर गया क्या?"

बस. मी उतरलो. तीस वर्षांत दोराला हात लावला नव्हता. तळहात मऊ झाले आहेत हे दोर धरल्यावर कळलं. अण्णा टपावर चढला, मिशा पुसल्या आणि गरजला, "हैऽऽ लेस्सा!"

"है"ला मी धरलेल्या दोरावरची अण्णाची माणसं ओढून मोकळी झाली. मी माझ्या सवयीनं दम घेतला आणि "स्सा" संपल्यावर सगळ्या ताकदीनं मागे झुकलो. तेव्हा दोर सैल पडला होता. मी असा उताणा गेलो की सागाच्या वाळल्या पानांच्या ढिगात पुरता बुडालो. वर फक्त गमछा दिसत होता, असं म्हणतात. म्हणतात कशाला, ड्रायव्हरनं मोबाइलवर घेतलंय. माझ्या नातीनं मला ते सतरा वेळा दाखवलं.

 पहिल्यांदा बंगाली दादाच्या नाकातून एक शिट्टी निघाली, आणि सगळा डेपो फुटला. अण्णा टपावर बसून मांड्या बडवत होता. माझी माणसं, माझ्याच गावची, एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती. आणि खरं सांगतो, पानांच्या ढिगात पडल्यापडल्या मलाही आतून असं काही उकळून आलं की मीही हसलो. थांबेचना. पोटात दुखू लागलं.

बाई मला हात द्यायला आली. हसता हसता म्हणाली, "मुकादम, तुमची हाक चुकीची नाई. अण्णाचीबी नाई. पर कोणी गळ्यानं ओढते का जी? ओढते पायानं. तुमी कोणाचे पाय पाह्यले का कधी?"

"टपावरून पाय कुठी दिसतेत?"

"मंग टपावर काऊन उभे राह्यता?"

मी अंगावरची पानं झटकू लागलो.

तिनं सगळ्यांना दोराला लावलं, पण एका गावचे एकत्र नाही. एक अण्णाचा, एक माझा, एक धानोऱ्याची, पुन्हा एक अण्णाचा. प्रत्येकाचा डावा हात दोरावर आणि उजवा पुढच्याच्या कमरेला, त्यांच्या गावात लग्नात नाचतात तसा. अण्णाच्या एका माणसाला पुढे एका बाईमाणसाची कमर आली तर तो लाजून लाल. तीच मागे वळून म्हणाली, "धर ना, मी चावत नाई. लठ्ठा पडला तं थो चावते."

"अन् आमी?" बंगाली दादानं विचारलं.

"तुमी सगळे शेपटीले. तुमाले सोडता येत नाई ना? मंग सोडूच नोका. आमी दम घेतो तवा तुमी धरा."

बंगाल्यांनी चौघं-चौघं होऊन दोन्ही दोर कमरेभोवती घेतले आणि मातीत टाचा रोवल्या. बाई बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. हाक अशी नाहीच. त्यांच्या नाचातलं "रे रेला, रेला, रेला" गुणगुणत तिनं पाय टाकायला सुरुवात केली. मागे एक, मागे दोन, आणि तिसऱ्याला टाच धप्प. आधी दोर ओढू दिला नाही. नुसते पाय. मागे, मागे, धप्प. धुळीत चाळीस जणांची टाच एकदम पडली तेव्हा जमीन बोलली. ते मी छातीत ऐकलं.

"आता हातबी," बाई म्हणाली.

मागे, मागे, धप्प! पलीकडून पाचरवाला ओरडला, "आला बाप्पा! दोन्ही टोकं बराबर!" दम घेतला. मी डोळे मिटले, आता परत येणार म्हणून. नाही आला. शेपटीला बंगाली आठ जण दात खाऊन धरून उभे. पाचरवाल्यानं पान लावावं तशी निवांत पाचर लावली. मागे, मागे, धप्प! नऊ वेळा. नवव्या वेळी तो म्हातारा लठ्ठा ट्रकवर असा बसला, जसा एखादा पाहुणा खाटेवर टेकतो.

मग काय झालं ते सांगता येत नाही. लठ्ठा चढला होता तरी बाई थांबेना आणि आम्हीही थांबेना. दोर सोडून चाळीस जण मोहाभोवती गोल फिरत होतो. ड्रायव्हरही घुसला. मॅडम आल्या त्या लठ्ठा पाहायला, त्यांनाही दोन बायांनी ओढलं. मॅडमचं पाऊल माझ्यापेक्षा वाईट पडलं, हे मी इथे सांगून ठेवतो.

पण शब्द तो शब्द. लठ्ठा चढला, माझ्या हाकेवर नाही. नाच थांबल्यावर मी खांद्यावरचा गमछा काढला आणि बाईसमोर धरला.  अण्णा म्हणाला, "अरे छोडो मुकादम, मजाक था."

"मी मजाक केला नव्हता," मी म्हटलं.

बाईनं गमछा दोन बोटांनी उचलला, वास घेतला आणि नाक मुरडलं. "तीस सालाचा घाम हाय याच्यात. धुऊन आणा जी. मंग पाहू."

संध्याकाळी मी हातपंपावर बसून गमछा धुतला. आयुष्यात पहिल्यांदा कपडा धुतला असेन. लाल रंगाचा पाट वाहू लागला तेव्हा घाबरून बुढीला हाक मारली. ती दारात उभी राहून म्हणाली, "माह्या धा लुगड्याइतकं साबण घातलं एका गमछ्याले." मग माझ्या पायांकडे पाहून थांबली. "अन् हे काय करून राह्यले बसल्या बसल्या?"

मागे, मागे, धप्प. मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईनं तो गमछा घेतला. खांद्यावर नाही टाकला, कमरेला खोचला. मी दोराच्या शेपटीला गेलो, बंगाली दादाच्या मागे. तिथे जाऊन मी त्याला सांगितलं की शेपटी हीच खरी जागा, बैलाला शेपटी नसली तर माश्या काय शिंगांनी हाकलणार? तो म्हणाला, "हव दादा, लेकिन अब पैर सँभालो."

बाईनं पाय उचलला. सगळ्यांनी उचलला. आणि रेला सुरू व्हायच्या आधी, सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशी तिची पहिली हाक माझ्याच नावानं आली :

"ओ मुकादम! डावा! डावा पाय जी, थो उजवा हाय!"