कापलेला पाय आम्हाला द्याल का?

देवाने हाताला गुण दिला की जिभेलाही देईलच, असं नाही. धापूबाईंचा धर्मचंद पुण्याहून डॉक्टरी शिकून आला आणि शहाद्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. हात सोन्यासारखा, बोलणं मात्र कुऱ्हाडीचं. धापूबाई म्हणायच्या, "तुझे बापूजी वारभर कापड फाडायच्या आधी गिऱ्हाइकाला पाणी विचारतात. तू माणूस फाडतोस, नावसुद्धा विचारत नाहीस!" तो हसण्यावारी न्यायचा.

सन अडतीसच्या चैत्रात तोरणमाळच्या उदेसिंगला झोळीत घालून आणलं. जखम चिघळून पाऊल काळं पडलेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखाली कापला तर जगेल. घरच्यांना तू समजाव. तेही शिकायचंच असतं."

धर्मचंदने उभ्या उभ्या सांगितलं, "पाय कापू. नाही तर मरेल."

उदेसिंगची बायको जमनाबाई बाजारापुरती अहिराणी बोलायची. तिने एवढंच विचारलं, "कापेल पाय आम्हले देशात का?"

"लोणचं घालायचंय का त्याचं? टाकून देऊ!"

तिने मान हलवली. याला वाटलं, पटलं. हत्यारं उकळून येतो तर खाट रिकामी.

"त्यांच्या मागे जा," मोठे डॉक्टर म्हणाले. पण हा दोन दिवस गुर्मीतच राहिला. तिसऱ्या दिवशी कळलं, उदेसिंगला ताप चढल्याने झोळी जवळच्या लोणखेड्यालाच अडकलीय. तेव्हा गेला. पहिल्यांदाच मातीत बसला, नाव विचारलं, ऐकून घेतलं. तिचं म्हणणं साधं होतं : माणूस गावच्या मातीत पुरा जावा, अर्धा इथे, अर्धा तिथे राहिला तर पूर्वज ओळखणार कसे?

"एवढंच ना? देऊ की पाय. तुझ्याच हातात देऊ."

"मंग तव्हयच सांगनं व्हतं ना, दादा!" तिचा चेहरा उजळला. तिने झोळी वाहणाऱ्यांना हाक दिली, "उठा रे, फिरवा झोळी!"

तेवढ्यात धर्मचंदने पायावरचं फडकं उचललं. काळेपण जांघेपर्यंत चढलेलं. उदेसिंगचे डोळे उघडे, पण ओळख नाही. कापण्याजोगं काही उरलं नव्हतं.

तो झोळीला आडवा आला. "जमनाबाई, आता उपयोग नाही. घरीच न्या."

"पन आत्ते तं तुम्हीच बोलनात, पाय देसूत म्हनीसन!"

तिला वाटलं, हा पुन्हा नाहीच म्हणतोय. त्याने परत सांगितलं, हळू सांगितलं, हात जोडून सांगितलं. तिने बांबूला हात लावून झोळी डोंगराकडे वळवली.