होकारताईंना मिळालेला नकार

टीव्हीवर दर शुक्रवारी संध्याकाळी ‘बघून घेतो’ नावाचा कार्यक्रम लागायचा. त्याचा निवेदक त्या आठवड्यात लागलेल्या नव्या सिनेमांची बिनपाण्याने हजामत करायचा आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ दाखवून त्यांच्यावर गमती करायचा. लोक पोट धरधरून हसायचे. पण ज्यांना हसायचं, त्यांना आधी फोन करून ‘तुमचा व्हिडिओ दाखवला तर चालेल ना’ असं विचारणारंही कुणी त्या कार्यक्रमात आहे, हे बघणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

ती म्हणजे होकारताई. लोकांचे होकार मिळवायचे हेच तिचं काम, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं आणि चिकटलं. त्याआधी ती फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारीचे फोन घ्यायची. बिघडलेल्या फ्रिजपायी चिडलेल्या माणसांची बोलणी वर्षानुवर्षं खाऊन तिचे कान इतके तयार झाले होते, की समोरचा खरंच रागावलाय की नुसता लाजलाय, हे तिला पहिल्या ‘हॅलो’तच कळायचं.

व्हिडिओतली माणसं बहुतेक लाजलेलीच असायची. एकदा मोबाइलमध्ये बघत चालणारा एक गवंडी स्वतःच ओतलेल्या ओल्या सिमेंटात गुडघाभर रुतला आणि घराघरांत पोचला. हिनं फोन केला तर तो ठेवूनच द्यायला निघाला. तिनं घाईनं विचारलं, “पण दादा, मोबाइलमध्ये बघत काय होतात?” गवंडी थांबला. म्हणाला, “बहिणीला मुलगी झाली. तिचा फोटो आला होता.” त्या शुक्रवारी आधी गवंडी रुतला, लोक हसले, आणि मग पडद्यावर ती तान्ही आली तेव्हा कॅमेऱ्यामागच्या माणसांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून निर्मातीबाईंनी तिला मोकळीक दिली होती. बाई तशा तोंडाने फटकळ, पण शब्दाच्या पक्क्या. नकार आला की विषय संपला, हा होकारताईचा नियम त्यांनी कुरकुरत का होईना, पाळला होता.

एका मंगळवारी ती ऑफिसात शिरली तेव्हा सगळे एकाच टेबलाभोवती माश्यांसारखे घोंगावत होते. निर्मातीबाई खुर्चीवर उभ्या राहून मागून बघत होत्या.

“ये, ये, लवकर ये,” त्या म्हणाल्या. “आपला शुक्रवार आला बघ.”

व्हिडिओ एका थिएटरातला होता. पडद्यावर नुकताच लागलेला एक रहस्यपट चालू होता, ज्याला वर्तमानपत्रांनी धू धू धुतलं होतं. एक नर्स हॉस्पिटलच्या अंधाऱ्या बोळातून चाललेली, मागून सुरा घेतलेला माणूस. इतक्यात पुढच्या रांगेतून कानटोपी घातलेला एक म्हातारा ताडकन उभा राहिला. काठी पडद्याकडे रोखून ओरडला, “अगं मुली, मागे बघ. मागे. तुझ्या पाठीशीच उभा आहे तो.” कुणीतरी म्हणालं, “आजोबा, खाली बसा.” त्यावर आजोबा अर्धवट वळले, “तुम्ही गप्प बसा हो, इथे तिच्या जिवाशी गाठ आहे.” आणि मग काय झालं कुणास ठाऊक, आधी एक बाई ओरडली, मग दोन पोरं, आणि बघता बघता अख्खं थिएटर त्या नर्सला मागे बघायला सांगू लागलं. नर्सनं काही ऐकलं नाही. शेवटी म्हाताऱ्यानं सगळ्यांकडे पाठ ठेवूनच एक हात वर केला आणि लांबलचक “शूऽऽ” केलं. थिएटर चिडीचूप झालं.

टेबलाभोवतीची माणसं हसून हसून वाकली. होकारताई मात्र जागच्या जागी उभी होती. म्हाताऱ्याचा चेहरा कुठेच दिसत नव्हता. पण तो “शूऽऽ” तिच्या ओळखीचा होता. तिच्या सासऱ्यांनी सगळी नोकरी एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली होती. या ‘शू’पुढे घरचा कुकरसुद्धा शिट्टी आवरती घेतो, असं तिचा नवरा म्हणायचा.

“या माणसाचा अख्खं जग शोध घेतंय,” निर्मातीबाई म्हणाल्या. “पण मला तो शुक्रवारी आपल्याकडे हवाय. शोधशील ना?”

“बघते,” होकारताई म्हणाली.

तिचे सासरे दुपारी जेवले की कानटोपी चढवून बाहेर पडायचे, ते दिवेलागणीला परत. ‘वाचनालयात जातो,’ म्हणायचे. सुनेची नोकरी त्यांना मुळीच पसंत नव्हती. “सिनेमे म्हणजे वेळेचं मातेरं, आणि त्यावर पुन्हा टीव्हीवर चर्चा म्हणजे मातेऱ्याचंही मातेरं,” असं त्यांनी जेवताना दोनतीनदा ऐकवलं होतं. त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या काखोटीला पुस्तक होतं. महिनाभर तेच पुस्तक. हे इतके दिवस आपल्या कसं लक्षात आलं नाही, म्हणून तिनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

“काय बाबा, वाचनालयात गर्दी होती का?” तिनं विचारलं.

“बऱ्यापैकी,” सासरे म्हणाले. “हल्ली लोक फार बोलतात.”

तिला हसू आवरेना, म्हणून ती भाजी ढवळायला वळली. नवऱ्यादेखत विचारावं तर म्हातारपणी माणसाची शोभा. न विचारावं तर ऑफिसात उद्या बाई डोक्यावर बसणार. रात्रभर घोळून घोळून सकाळी तिला एकच मार्ग दिसला. बाकी सगळ्यांना विचारते, तसंच विचारायचं. ऑफिसातून, फोनवरून.

ती आपल्या काचेच्या खोलीत गेली, दार लावलं आणि घरचा नंबर फिरवला.

“नमस्कार. मी ‘बघून घेतो’ कार्यक्रमातून बोलतेय. आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?”

पलीकडून घरच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

“बोला, बाई,” सासरे म्हणाले. आवाज अगदी परक्या माणसाशी बोलावा तसा.

“आपला एक व्हिडिओ सध्या लोकांना फार आवडतोय. थिएटरातला. तो आम्ही दाखवला तर आपली हरकत नाही ना?”

“त्या व्हिडिओत मीच आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं?”

“आवाज ओळखीचा वाटला.”

“असं का.” पुन्हा टिकटिक. “हे बघा बाई, मी पस्तीस वर्षं लोकांना गप्प बसवलं. बोलणाऱ्या माणसाला मी पुस्तक दिलं नाही. आता मीच भर थिएटरात बोंबलताना दिसलो, तर माझ्या वाचनालयातली माणसं मला दारात उभं करतील का? नको.”

“लोक चेष्टा करत नाहीयेत हो, कौतुक करतायत.”

“कौतुकही नको. शिवाय घरी माहीत नाही.”

होकारताईनं ओठ चावला. “बरं. आपला नकार मी कळवते. त्रास दिल्याबद्दल माफ करा.”

“त्रास कसला. आपलं कामच आहे ते,” सासरे म्हणाले, आणि मग जरा चाचरत, “येताना लिंबं आणा.”

फोन ठेवल्यावर ती टेबलावर डोकं टेकून इतकी हसली, की बाहेरून कुणीतरी काचेवर टकटक केलं.

निर्मातीबाईंचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. “सापडला आणि नको म्हणाला? कोण आहे तो? मी स्वतः जाऊन पाया पडते.”

“ते सांगता येणार नाही, बाई.”

“अगं, नंबर तरी दे.”

“नकार आला की विषय संपला.”

बाई दोन वेळा खोलीभर फिरल्या, एक खुर्ची ढकलली, आणि शेवटी म्हणाल्या, “ठीक आहे. संपला. पण शुक्रवारी मी काय दाखवू, माझं डोकं?”

बघता बघता शुक्रवार उजाडला. लोकांनी त्या आजोबांपायी रहस्यपटाची तिकिटं काढायला सुरुवात केली होती. थिएटरांत नर्सला सावध करायला माणसं खास जात होती. दुसऱ्या वाहिन्या तो व्हिडिओ कुणाला न विचारता दिवसभर दळत होत्या, आणि ‘बघून घेतो’कडे मात्र तोच नव्हता. कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर निवेदकानं कुठूनशी काठी पैदा केली. “व्हिडिओ नाही तर नाही,” तो म्हणाला, “मी करून दाखवतो.”

तो हौशी गडी होता. दिवे लागले, कार्यक्रम सुरू झाला, त्यानं डोक्याला रुमाल बांधला, कंबर वाकवली आणि कापऱ्या आवाजात किंचाळला, “पळ गं बाई, पळ पळ, मेलीस बघ.” स्टुडिओत हशा उसळला. होकारताई काचेच्या खोलीत बसून बघणाऱ्यांचे फोन घेत होती. तिला ते पाहवेना. माणसानं नको म्हटलं होतं, आणि त्याचंच सोंग चाललं होतं.

इतक्यात फोन वाजला.

“मला त्या निवेदकाशी बोलायचंय,” सासरे म्हणाले.

तिच्या हातातलं पेन गळून पडलं. “आपलं नाव?” ती सवयीनं बोलून गेली.

“नाव कशाला? जो ओरडला तो बोलतोय म्हणावं.”

“बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात.”

“व्हिडिओला नको म्हणालो होतो. बोलायला नको म्हणालो नव्हतो. तो माझ्या नावावर काहीही खपवतोय. मी ‘पळ’ म्हणालोच नव्हतो.”

“सगळीकडे ऐकू जाईल. घरी कळेल.”

“कळू दे. तू जोड.”

तिनं काचेतून निर्मातीबाईंना हातवारे केले. बाईंना काही कळेना. शेवटी तिनं कागदावर मोठ्या अक्षरांत ‘तोच’ एवढंच लिहून काचेला लावलं. बाईंनी ते वाचलं आणि त्या निवेदकाच्या कानातल्या इअरफोनमध्ये काहीतरी ओरडल्या. तो वाकलेला होता, तो झर्रकन सरळ झाला.

“आपल्यासोबत फोनवर कोण आहेत?”

“तुम्ही आत्ता ज्याचं सोंग काढलंत तो,” स्टुडिओभर खणखणीत आवाज घुमला. “माझी कंबर वाकलेली नाही. आणि मी तिला पळ म्हणालो नाही, मागे बघ म्हणालो. पळून कुठे जाणार ती? पुढे दार बंद होतं.”

निवेदकानं डोक्याचा रुमाल काढला. “चुकलो, आजोबा. पण तो सिनेमा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“मला काय खुळा समजता? तो सुरेवाला नट आहे, पगार घेतो, हे मला ठाऊक आहे. पण इतक्या माणसांना दिसतंय आणि एकजण बोलत नाही, हे मला बघवेना. मी आयुष्यभर लोकांना गप्प राहायला शिकवलं. पण गप्प कुठे राहायचं, त्याला काही धरबंध आहे की नाही?”

स्टुडिओत कुणी हसलं नाही. दिवेवाला वर शिडीवर थांबून ऐकत होता.

“मग आजोबा,” निवेदक हळूच म्हणाला, “त्या नर्सनं शेवटी मागे बघितलं का?”

“नाही ना. तीनदा जाऊन ओरडून आलो. ऐकतच नाही. उद्या परत जाऊन बघतो.”

मग जो हशा फुटला, तो थांबेचना. कॅमेरा हलला, निर्मातीबाई भिंतीला टेकून डोळे पुसू लागल्या, निवेदक काठीसकट खाली बसला. काचेमागे होकारताई हसत होती आणि रडतही होती, आणि समोरचे सगळे फोन एकाच वेळी वाजत होते.

घरी काय झालं ते तिला नवऱ्यानं नंतर रंगवून सांगितलं. तो बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होता आणि शेजारी बसलेले बाबा मधेच उठून आत गेले होते. बाबांचा आवाज आधी आतल्या खोलीतून यायचा आणि मग टीव्हीतून. “मला वाटलं, मला वेड लागलं,” तो म्हणाला. “आत जाऊन बघतो तर बाबा पलंगावर ताठ बसून फोनवर भांडतायत. मी म्हटलं, वाचनालय कुठाय? तर म्हणाले, शूऽऽ, कार्यक्रम चालू आहे.”

पुढच्या शुक्रवारी सासरे स्वतः स्टुडिओत आले. सून त्यांना घेऊन आली तेव्हा ऑफिसाला नातं कळलं, आणि निर्मातीबाईंनी तिच्याकडे असं काही पाहिलं की त्यात राग किती आणि आदर किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “दहा दिवस माझ्यासमोर बसलीस आणि हूं की चूं केलं नाहीस,” एवढंच त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी मेकअपवालीशी पावडरवरून वाद घातला, खुर्ची मऊ आहे म्हणून बदलून घेतली, आणि मग नव्या सिनेमाबद्दल दबक्या आवाजात असं काही बोलले, की निवेदकाला त्यांच्या बाजूला सरकून बसावं लागलं. वाचनालयातली जुनी मंडळी त्या दिवशी टीव्हीसमोर ठाण मांडून बसली होती म्हणे. कुणीही त्यांना दारात अडवलं नाही. उलट एकानं फोन करून विचारलं, ते महिनाभराचं पुस्तक कधी परत करणार.

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसले. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर अजून थोडी पावडर होती.

“बरा दिसलो का?”

“कान लाल झाले होते, बाबा.”

“ते त्या बाईनं घासले.” मग म्हणाले, “उद्या दुपारी काय करतेस?”

“सुट्टी आहे. काही नाही.”

“एक विनोदी लागलाय. फार वाईट आहे म्हणतात,” सासरे म्हणाले. “जाऊन खात्री करून घेऊ.”